सिनसिनाटीतलं जुनं घर: आपल्याआधी इथे कोण राहायचं हे कसं शोधायचं?

गवतीचहा

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी आम्ही सिनसिनाटीत (ओहायो) नॉर्थसाइड भागात एक जुनं घर घेतलं. विटांचं, दुमजली, अरुंद आणि मागे लांबच लांब गेलेलं, खाली दगडी तळघर. करनोंदीत बांधकामाचं वर्ष १८६० लिहिलंय. तळघराच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक बुजवलेली कमान आहे. शेजारचे आजोबा छातीठोकपणे सांगतात की हा ‘अंडरग्राउंड रेलरोड’चा (गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याचा) बोगदा आहे. केंटकीतल्या गुलामगिरीतून ओहायो नदी ओलांडून पळालेली माणसं इथे लपायची म्हणे.

तर प्रश्न असे. हे खरं असू शकतं का? आणि या घरात आपल्याआधी कोण कोण राहिलं हे शोधायचं कसं? सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.

इथली जुनी वस्ती जर्मनांची, म्हणून नवऱ्याचं म्हणणं, “स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव सांगता येत नाही आणि ही जर्मनांची वंशावळ काढायला निघाली!”

बंड्या_ओहायो

भावजींना +१.

(दिवे घ्या. पळतोय.)

चावडीवाला

आधी कामाचं सांगतो.

१८६० वर अजिबात विसंबू नका. करनोंदीत शून्याने संपणारं वर्ष दिसलं की समजायचं, कोणीतरी टेबलावर बसून अंदाज केलाय. त्याला कराच्या हिशेबासाठी आकडा हवा होता, इतिहास नको होता.

खरेदीखतांपासून सुरुवात करा. हॅमिल्टन काउंटीच्या रेकॉर्डर कार्यालयात तुमचं स्वतःचं खत असेलच. त्यात विकणाऱ्याचं नाव आहे. त्याने कोणाकडून घेतलं, त्याच्या आधी कोण, असं गावाकडे फेरफार उलटे वाचत जातो तसं मागे मागे जायचं. एका टप्प्यावर जमिनीची किंमत एकदम पडलेली दिसेल. तिथे बहुधा घर नव्हतं, नुसता प्लॉट होता. म्हणजे बांधकाम त्याच्या नंतरचं.

नावं हाती आली की विल्यम्स डिरेक्टरी उघडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ दरवर्षी निघालेलं शहराचं नावनोंदणीचं पुस्तक. नाव, धंदा, घरचा पत्ता, सगळं असतं. सिनसिनाटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ती स्कॅन करून फुकट ठेवली आहेत. जुन्या पुस्तकांत पत्त्यावरून माणूस सापडत नाही, माणसावरून पत्ता सापडतो. म्हणून आधी खत, मग डिरेक्टरी.

दोन खाचखळगे. नॉर्थसाइड पूर्वी कमिन्सव्हिल नावाचं वेगळं गाव होतं, ते १८७३ मध्ये शहरात आलं. आणि १८९० च्या दशकात शहरभर घरांचे क्रमांक बदलले. तेव्हा त्याआधीच्या डिरेक्टरीत तुमचा आजचा क्रमांक शोधलात तर भलत्याच घराची वंशावळ लिहून मोकळ्या व्हाल.

मग सॅनबोर्नचे नकाशे. आगीच्या विमा कंपन्यांसाठी काढलेले. विटांचं घर गुलाबी रंगात, लाकडी पिवळ्यात. तुमची इमारत कोणत्या नकाशात पहिल्यांदा उगवते ते बघा.

सुरंगी

शिकागोत तर १९०९ मध्ये अख्ख्या शहराचे क्रमांक बदलले. आमच्या गल्लीतल्या काही घरांवर अजून दोन-दोन आकडे दिसतात, एक दारावर आणि एक काचेवर. पिझ्झावाला नेहमी चुकतो.

तिरकस

एक शंका. सिनसिनाटीचं कोर्टच मुळी जळलं होतं ना? मग कुठली कागदपत्रं घेऊन बसलात?

चावडीवाला

जळलंच. आणि कसं जळलं ते ऐकण्यासारखं आहे.

१८८३ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी विल्यम कर्क नावाच्या तबेलेवाल्याचा खून झाला. त्याच्याकडे काम करणारे दोघे, विल्यम बर्नर आणि जो पामर, पकडले गेले. बर्नरवर आधी खटला चालला. कबुली दिलेली असूनही ज्युरीने त्याला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरवलं, शिक्षा वीस वर्षं. शहर आधीच भ्रष्ट राजकारण आणि विकाऊ ज्युरी यांना विटलेलं होतं. २८ मार्च १८८४ ला म्युझिक हॉलमध्ये निषेधाची प्रचंड सभा झाली, आणि सभा सुटल्यावर जमाव थेट तुरुंगाकडे निघाला. बर्नरला गुपचूप बाहेर पाठवलेलं होतं. दुसऱ्या रात्री जमावाने कोर्टाची इमारत पेटवली. तीन दिवस दंगल चालली, पन्नासहून जास्त माणसं मेली. मिलिशियाचा कॅप्टन जॉन डेस्मंड इमारत वाचवताना मारला गेला, त्याचा पुतळा आजच्या कोर्टात आहे.

बर्नरच्या केसालाही धक्का लागला नाही. जळाली ती हजारो निरुपद्रवी कुटुंबांची मृत्युपत्रं, लग्नाच्या आणि जन्ममृत्यूच्या नोंदी. पामर मात्र नंतर फासावर गेला. तो मिश्रवंशीय होता, एवढं सांगून पुढे जातो.

तिरकस

म्हणजे कागद गेले ते गेलेच. माझा मुद्दा तोच. (आपल्याकडे २०१२ ला मंत्रालय पेटलं तेव्हा आमच्या काकांची एक फाइल त्यात गेली. काकांचं मत, ती आगीच्या आधीच गेली होती.)

शाईदौत

@तिरकस, नाही हो, इतकं सरळ नसतं. मी व्यवसायाने ग्रंथपाल, त्यामुळे या विषयावर थोडी भाषणबाजी होणार.

एकाच माणसाची नोंद पाच जण ठेवत असतात आणि पाचही जण एकाच रात्री जळत नाहीत. कोर्टातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी गेल्या, पण शहराचं आरोग्यखातं स्वतःची वेगळी नोंद ठेवत होतं. १८६५ ते १९१२ या काळातली ती कार्डं सिनसिनाटी विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत आणि ऑनलाइन बघता येतात, पाच लाखांहून जास्त. लग्नाच्या नोंदी गेल्या, तेव्हा ज्यांच्या घरी दाखले होते त्यांतल्या काहींनी ते आणून परत नोंदवून घेतले. शिवाय चर्चची बाडं, जर्मन वर्तमानपत्रांतल्या मृत्युवार्ता, दफनभूमीची रजिस्टरं. हॅमिल्टन काउंटीच्या वंशावळ संस्थेतल्या स्वयंसेवकांनी यांतून वर्षानुवर्षं सूच्या करून ठेवल्या आहेत. त्यातली बरीचशी निवृत्त मंडळी. त्यांच्या चिकाटीला माझा साष्टांग नमस्कार.

गवतीचहा, तुमच्या तर घराशेजारीच स्प्रिंग ग्रोव्ह दफनभूमी आहे! १८४५ ची, सातशे एकरांहून मोठी. तिच्या दफनाच्या नोंदी संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतात. साबणवाले प्रॉक्टर आणि गॅम्बल दोघेही तिथेच आहेत.

आणि १८९० ची जनगणना मात्र शोधू नका. ती १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत जवळजवळ सगळी गेली. त्या वीस वर्षांच्या खड्ड्यावर डिरेक्टरी हाच पूल.

बंड्या_ओहायो

प्रॉक्टर आणि गॅम्बल साडू होते हे इथे किती जणांना माहीत आहे? नॉरिस घराण्यातल्या दोन बहिणी दोघांनी केल्या. एक मेणबत्त्या करायचा, दुसरा साबण. दोघांनाही चरबी लागायची आणि शहरात डुकरांची कत्तल एवढी की चरबीला तोटा नाही. सासरे म्हणाले भांडताय कशाला, एकत्र धंदा करा. १८३७.

आमच्या सासऱ्यांनी असला सल्ला कधी दिला नाही. साडू मात्र आहे.

सुरंगी

पुणे-मुंबईहून सिनसिनाटीत आलेल्या निम्म्या मराठी मंडळींचं घर त्या सासऱ्यांवर चालतंय म्हणायचं. उरलेल्या निम्म्यांचं विमानाच्या इंजिनांवर.

कालिंदी

मला मूळ पोस्टमधल्या बोगद्याबद्दल बोलायचंय, कारण त्यावर अजून कोणी बोललंच नाही.

नॉर्थसाइड नदीपासून चार-पाच मैल आत आहे. मध्ये टेकड्या. इतका लांब बोगदा गुपचूप कोण खणणार आणि माती टाकणार कुठे? नदीच्या दोन्ही तीरांवरच्या गावांत प्रत्येक जुन्या घराला असा एक बोगदा ‘असतो’. सिनसिनाटीत खरोखरचे भुयारी कक्ष आहेत ते ओव्हर-द-ऱ्हाइन भागात, जर्मन दारूभट्ट्यांचे. लागर बिअर थंडाव्यात मुरवायला खोल तळघरं लागायची. रस्त्याकडची तुमची कमान बहुधा कोळशाची. फुटपाथखाली खोली, वरून झाकण उघडून कोळसा ओतायचा. नंतर गॅस आला, कमान बुजवली.

माणसं लपायची ती साध्या घरांत, चर्चमध्ये, गाडीत गवताखाली. आणि लपवणारे बहुतेकदा शहरातले स्वतंत्र कृष्णवर्णीय लोकच असत. गोऱ्यांपैकी लेवाय कॉफिनचं नाव सगळ्यांना माहीत असतं, तो १८४७ पासून सिनसिनाटीत होता. पण त्याच्यापर्यंत माणूस पोचवणाऱ्यांची नावं कोणत्या डिरेक्टरीत शोधणार?

१८५६ च्या जानेवारीत ओहायो नदी गोठली होती. मार्गारेट गार्नर नवरा-मुलांसह रात्री बर्फावरून चालत केंटकीतून इकडे आली. शहरातल्या एका नातेवाइकाच्या घरी थांबली. काही तासांत घराला वेढा पडला. मुलं परत गुलामगिरीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने मारलं. ओहायो गुलामगिरीमुक्त राज्य होतं, तरी पळालेल्या गुलामांना परत पाठवण्याच्या १८५० च्या कायद्याने तिला मालकाकडे परत पाठवलं. ही सगळी हकिगत आपल्याला माहीत आहे, कारण ती कोर्टात गेली.

वंशावळीच्या बाबतीतही तेच. जर्मन कुटुंबाचा माग दोन दिवसांत लागेल. पण केंटकीतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाचा माग काढताना १८७० ला भिंत लागते. पूर्वी गुलाम असलेल्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० मध्ये. १८५० आणि १८६० च्या याद्यांत मालकाचं नाव असतं आणि खाली नुसतं वय, लिंग, वर्ण.

तिरकस

कालिंदी, प्रतिसाद आवडला. पण मग शेजारच्या आजोबांना काय सांगायचं?

कालिंदी

आजोबांना काही सांगू नका. त्यांच्याकडून उलट ऐकून घ्या. १९५०-६० साली गल्लीत कोण राहायचं ते त्यांना पाठ असेल. ते रेकॉर्ड करा. बोगदा राहू द्या त्यांचा.

मोडीवाचक

रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो.

मी हौसेने मोडी शिकलो. नंतर बायकोच्या मैत्रिणीच्या घरच्या (ती सिनसिनाटीची, पाचव्या पिढीची जर्मन) जुन्या पत्रांवरून कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी, शिकलो. लोकांना वाटतं छापील जर्मन येतं म्हणजे झालं. नाही. हाताने लिहिलेलं आजच्या जर्मन माणसालाही वाचता येत नाही. ‘e’ हे ‘n’ सारखं दिसतं, ‘h’ खाली लोंबतो.

कॅथलिक चर्चची बाडं त्या मानाने सोपी, ती लॅटिनमध्ये असतात. पण तिथे वेगळीच गंमत. बाप्तिस्म्याला माणूस योआनेस हेन्रिकस, घरी हाइनरिख आणि डिरेक्टरीत हेन्री. तिघे एकच. उलट घरातले चारही भाऊ योहान असू शकतात, हाक मारायची ती दुसऱ्या नावाने.

सिनसिनाटीचे पुष्कळ कॅथलिक जर्मन वायव्य जर्मनीतून आले, ओल्डेनबुर्ग, म्युन्स्टर, ओस्नाब्र्युक या पट्ट्यातून. तिकडे काही भागांत आडनाव माणसाचं नसून शेताचं असायचं. शेतीवाडी असलेल्या मुलीशी लग्न करून तिथे राहायला गेला की नवरा त्या शेताचं नाव लावायचा. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी आणि बाप-लेकाचीही वेगळी. आपल्याकडच्या घरजावयाला निदान स्वतःचं आडनाव तरी राखता येतं.

अजून एक. ‘एलिस बेटावर साहेबाने आमचं आडनाव बदललं’ ही कथा कोणी सांगितली तर हसून सोडून द्या. एलिस बेट म्हणजे न्यूयॉर्कचा स्थलांतरितांच्या तपासणीचा नाका. तिथले कारकून जहाजावरूनच आलेल्या यादीवर खुणा करायचे, नवी नावं लिहीत नव्हते. शिवाय एलिस बेट उघडलं १८९२ ला. सिनसिनाटीचे जुने जर्मन कितीतरी आधी आले, आणि बरेचसे न्यूयॉर्कला न जाता न्यू ऑर्लीन्सला उतरून वाफेच्या बोटीने मिसिसिपी आणि ओहायोतून वर आले. जहाजांच्या याद्या तिकडच्याही बघा.

गवतीचहा

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळं वाचतेय, वहीत उतरवून घेतेय. खतांचं काम सुरू केलंय.

एक अडचण: एका मालकाचा जुना पत्ता ‘ब्रेमेन स्ट्रीट’ असा सापडला. असा रस्ता नकाशात नाहीच.

शाईदौत

आहे की. आज त्याला रिपब्लिक स्ट्रीट म्हणतात. पहिल्या महायुद्धात जर्मनांविषयी इतका द्वेष उसळला की एप्रिल १९१८ मध्ये नगरपरिषदेने डझनभर रस्त्यांची जर्मन नावं पुसली. जर्मन स्ट्रीटचा इंग्लिश स्ट्रीट झाला, बर्लिनचा वुड्रो, बिस्मार्कचा मॉन्ट्रियल, हम्बोल्टचा टाफ्ट. ‘फोल्क्सब्लाट’ हे १८३६ पासूनचं जर्मन वर्तमानपत्र १९१९ मध्ये बंद पडलं. लगेच दारूबंदी आली आणि भट्ट्याही गेल्या. दोन-तीन वर्षांत एका संस्कृतीचा रस्त्यावरचा वावरच संपला. आता ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये काही पाट्यांखाली जुनं नाव लावलंय.

बंड्या_ओहायो

आमच्याकडे लॅमिंग्टन रोडचा भडकमकर मार्ग होऊन युगं लोटली. अजून कोणी टॅक्सीवाल्याला “भडकमकर मार्ग” म्हणालंय का? म्हणाल्यास तो कुठे नेतो?

सुरंगी

अवांतर: ओव्हर-द-ऱ्हाइनमधला ऱ्हाइन कुठाय? मी तर नदी पाहिलीच नाही तिथे.

चावडीवाला

नदी नव्हतीच, कालवा होता. मायामी-ईरी कालवा, १८२५ ला खणायला घेतला. पलीकडे सगळी जर्मन वस्ती, म्हणून थट्टेत ‘ऱ्हाइनपार’. पुढे रेल्वे आली, कालवा निकामी झाला, डासांचं माहेर बनला. मग शहराला सुचलं की पात्रातच भुयारी रेल्वे करावी. १९१६ मध्ये मतदारांनी साठ लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. महायुद्धाने काम लांबलं, १९२० ला सुरू झालं तोवर भाव दुप्पट. पैसे संपले, १९२७ च्या सुमारास काम थांबलं. बोगदे तयार, फलाट तयार, एकही गाडी धावली नाही. वरून सेंट्रल पार्कवे झाला. कर्ज मात्र १९६६ पर्यंत फेडत होते.

तिरकस

पुणेकर म्हणून आज पहिल्यांदा मेट्रोविषयी कृतज्ञता वाटली.

बंड्या_ओहायो

म्युझिक हॉलखाली बेवारशांचं दफनस्थान होतं, दर दुरुस्तीत हाडं निघतात, तेही सांगा कोणीतरी. १९८८ ला निघाली, नंतर २०१६-१७ च्या नूतनीकरणातही. मी तिथे कार्यक्रमाला गेलो की आधी मनात माफी मागतो.

जुनाखेळाडू

मी १९७१ साली आलो. इथल्या बहुतेकांच्या जन्माआधी. १९६५ चा स्थलांतराचा कायदा झाला नसता तर मी आलोच नसतो.

त्या वेळी सिनसिनाटीत उतरल्यावर पहिलं काम काय केलं माहीत आहे? मोटेलच्या खोलीतलं फोनबुक उघडलं आणि जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील शोधत बसलो. एक जोशी सापडले, फोन लावला, मराठीत बोललो. त्यांनी विचारलं, “जेवलास का?” आणि अर्ध्या तासात गाडी घेऊन न्यायला आले. पुढे मीही असेच फोन घेतले आणि विमानतळावर गेलो.

तुम्ही मंडळी डिरेक्टरी-डिरेक्टरी म्हणताय, तर ती फोनबुकं कोणी जपली आहेत का? आम्हा पहिल्या मंडळींची शहरातली नोंद तिथेच आहे. घरं विकली, मुलं कॅलिफोर्नियाला गेली, फोटो गॅरेजमध्ये. निम्मे मित्र गेले.

शाईदौत

काका, मोठ्या ग्रंथालयांत जुनी फोनबुकं असतात. पण त्यांत फक्त नाव आणि पत्ता. ‘गाडी घेऊन न्यायला आले’ हे तुम्हीच लिहायला हवं. गॅरेजमधल्या फोटोंच्या मागे नावं लिहायला आजपासून सुरुवात करा, बॉलपेन दाबून नको, मऊ पेन्सिलीने. मी विचारत राहणार आहे.

पैलतीर

मला सगळ्यांचा उत्साह कळतो, पण भावजींची बाजू थोडी गंभीरपणे मांडतो. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. शेवटचं कधी कोण गेलंय बघायला? आपल्या गावचे मोडी दफ्तरांचे रुमाल वाळवी खातेय. अमेरिकेतल्या प्रत्येक गावात वंशावळीची संस्था आहे, त्यांचं ते बघतील.

मोडीवाचक

पैलतीर, मी दोन्हीकडे बसतो म्हणून सांगतो. त्र्यंबकच्या वहीत पुरुषांची नावं सापडतात. पणजीचं माहेरचं नाव विचारा, उपाध्याय मान हलवतात. इथे अमेरिकेतल्या १९०० च्या जनगणनेत प्रत्येक आईला विचारलंय, किती मुलं झाली आणि त्यांतली किती जिवंत आहेत. परक्याच्या दप्तरात बसलो म्हणूनच आपल्याकडे काय विचारलंच गेलं नाही ते मला दिसायला लागलं. एक केलं नाही म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

पैलतीर

मान्य, पणजीचा मुद्दा बिनतोड आहे. बाकी मतभेद कायम.

कालिंदी

घराचा इतिहास नुसता ‘पहिला मालक’ शोधून संपवू नका, एवढं माझं म्हणणं. नदीकाठचा वेस्ट एंड भाग बघा. १९५० च्या दशकाच्या शेवटी महामार्ग आणि औद्योगिक वसाहतीसाठी केन्यन-बार नावाची योजना आली आणि पंचवीस हजारांहून जास्त लोक उठवले, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. पाडण्याआधी शहराने इमारतींचे फोटो काढले, भरपाईच्या हिशेबासाठी. आज ते फोटो युनियन टर्मिनलमधल्या इतिहास ग्रंथालयात आहेत. नातवंडं येऊन आपलं घर त्यांत शोधतात.

आणि १९२०-४० मधली खतं नीट वाचा. अनेक शहरांत ‘ही मिळकत गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये’ अशी अट सापडते. १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर निकालानंतर ती अट कोर्टातून बजावता येत नाही, पण कागदावर राहिली. अशा खतावर आज आपलं नाव असतं, हे माहीत असलेलं बरं.

सुरंगी

आमच्या खतात ती अट निघाली. उपनगर, १९३८. वकील म्हणाली घाबरू नका, निरर्थक आहे. तरी त्या रात्री झोप लागली नाही.

चावडीवाला

अरेरे. काही राज्यांत ती अट अधिकृतपणे काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. इलिनॉयमध्ये तशी सोय झाली आहे, काउंटीच्या कार्यालयात विचारा.

गवतीचहा

बऱ्याच दिवसांनी येतेय. ताजी खबर.

खतं मागे नेत नेत १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पोचले. तिथे किंमत एकदम खाली येते, म्हणजे प्लॉट. सॅनबोर्नमध्येही घर त्यानंतरच्याच नकाशात आहे, गुलाबी. तेव्हा १८६० बाद, आणि बोगदाही. कमानीसमोरच्या फुटपाथवर एक गोल लोखंडी झाकण आहे, त्यावरची माती मी खुरप्याने काढली. कोळसाच.

घर बांधणारा पिंपं बनवणारा कारागीर होता. आधी ब्रेमेन स्ट्रीटवर भाड्याने, मग इकडे स्वतःचं. शहरात बिअर आणि खारवलेलं डुकराचं मांस दोन्ही पिंपांतून जायचं, तेव्हा धंदा चांगला असणार. १९०० च्या जनगणनेत बायकोच्या रकान्यात ‘मुलं झाली नऊ, जिवंत पाच’. मोडीवाचक, तुमचा प्रतिसाद आधी वाचला होता, तरी तो आकडा बघून थांबलेच.

१९२० नंतर पिंपवाल्याच्या मुलाचा धंदा ‘मजूर’ असा दिसतो. दारूबंदी. मग घर विकलं. १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, त्यात आमच्या घरात दोन बिऱ्हाडं आहेत, दोन्ही पूर्व केंटकीतली. खाली एक, वर एक, मिळून अकरा माणसं. आता कळलं की जिन्याच्या वर मोरीसारखी ती चिमुकली खोली का आहे. ते स्वयंपाकघर होतं.

आजोबांना विचारलं. म्हणाले, “खालच्यांची मुलगी बँजो वाजवायची.” आजोबा स्वतः डोंगराळ केंटकीतून लहानपणी आलेले. त्यांना शाळेत ‘हिलबिली’ (डोंगरी गावंढळ) म्हणून चिडवायचे, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं.

शाईदौत

वा! फारच सुंदर. अॅपलाशियन, म्हणजे पूर्व केंटकीसारख्या डोंगराळ भागातल्या, लोकांचं स्थलांतर हा या शहराच्या इतिहासातला मोठा अध्याय आहे आणि जर्मनांच्या कौतुकात तो झाकला जातो. त्यांच्याशी भेदभाव एवढा व्हायचा की १९९२ च्या शहराच्या मानवी हक्क वटहुकमात ‘अॅपलाशियन मूळ’ हे वेगळं नोंदवावं लागलं.

तिरकस

आणि भावजी काय म्हणतात?

गवतीचहा

ते आता गोल झाकणावर किती वर्षांचा गंज आहे यावर यूट्यूब बघतायत.

माझा पुढचा प्रश्न: पिंपवाल्याच्या मृत्यूच्या कार्डावर जन्मस्थान ‘ओल्डेनबुर्ग’. जर्मनीतली बाडं मागवू का?

मोडीवाचक

थांबा! इंडियानात, सिनसिनाटीपासून तासाभरावर, ओल्डेनबर्ग नावाचं गाव आहे. जर्मनांनीच १८३७ मध्ये वसवलेलं. जनगणनेत त्याच्या जन्मदेशाच्या रकान्यात काय आहे ते आधी बघा. आईवडिलांचाही रकाना असतो.

गवतीचहा

जन्म: जर्मनी. आईवडील: जर्मनी. १८८० आणि १९०० दोन्हीत.

मोडीवाचक

मग मोकळं रान. पण ओल्डेनबुर्ग म्हणजे शहर नव्हे, अख्खं संस्थान. गावाचं नाव इथल्याच चर्चच्या बाडात मिळण्याची शक्यता जास्त, लग्नाच्या नोंदीत बघा. ब्रेमेन स्ट्रीटवर राहत असताना लग्न झालं असेल तर तिथल्या जवळच्या जर्मन चर्चांपासून सुरुवात, १८४२ चं ओल्ड सेंट मेरीज एक. नॉर्थसाइडला आल्यावरच्या मुलांसाठी सेंट बोनिफेस. पान मिळालं की फोटो इथे टाका, वाचून देतो.

गवतीचहा

शनिवारी मुख्य ग्रंथालयात सूच्या बघायला जातेय. कोणी येतंय का?

जुनाखेळाडू

मी येतो. फोनबुकं बघायची आहेत. तिथे १८४८ चा शहराचा डॅगेरोटाइप (धातूच्या पत्र्यावरचा जुना फोटो) आहे, आठ पाट्यांचा, नदीपलीकडच्या न्यूपोर्टहून घेतलेला. भिंगातून मनोऱ्यावरच्या घड्याळातली वेळसुद्धा दिसते. पन्नास वर्षं इथे राहून मी तो पाहिलेला नाही.

बंड्या_ओहायो

मीपण. काका, तुम्हाला घ्यायला येतो. दहाला तयार राहा, आणि जेवून येऊ नका, नंतर व्हाइन स्ट्रीटवरच कुठेतरी बसू.

पैलतीर

त्या भागात शनिवारी रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. गॅरेजमध्येच लावा.